दहा नंबरमध्ये घोळ

मुकादमांचं आयुष्य घाण काढण्यात गेलं, असं कुणी म्हटलं तर त्यांना राग येत नसे. उलट छाती दोन बोटं पुढे यायची. बाप झाडूवाला, आई कचऱ्याच्या गाडीवर, आणि हे स्वतः सतराव्या वर्षी हातात फावडं घेऊन रस्त्यावर उतरले ते अठ्ठावन्नाव्या वर्षी मुकादम म्हणूनच घरी परतले. शेवटची अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली बावीस माणसं होती. निवृत्तीनंतर हुद्दा जातो म्हणतात; यांचा हुद्दा नावालाच चिकटून बसला आणि खरं नाव कागदोपत्री उरलं. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे मुकादम" म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे शेजारणीला कधी कळलं नाही.

माणूस नाकासमोर चालणारा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खोड एकच. फरशीच्या फटीतून, गटाराच्या कडेनं, भिंतीच्या बुडाशी काहीही हिरवं उगवलेलं त्यांना सहन होत नसे. "हिरवं दिसलं की खरवड," हे ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचे. चाळीस वर्षं ज्यानं हिरवं खरवडून काढलं त्यालाच म्हातारपणी बागेचा कारभारी केलं, म्हणजे खरं तर लोकांनाच अक्कल नव्हती. पण हे शहाणपण आपल्याला आता सुचतंय, तेव्हा कुणालाच सुचलं नाही, आणि त्याला कारणही तसंच होतं.

वस्तीत दुकान एकच. त्यात बिस्किटं, पाकिटातल्या शेवया, रंगीत पाण्याच्या बाटल्या आणि कोंब फुटलेले बटाटे. ताजी भाजी हवी तर दोन बस बदलून बाजारात जायचं आणि येताना गर्दीत चेंगरून तिचा लगदा करून आणायचा. कोण जाणार? दवाखान्यातल्या नर्सबाई घरोघर रक्त तपासत फिरायच्या आणि घरोघर एकच रडगाणं लिहून आणायच्या: याची साखर जास्त, तिचं रक्त कमी. शेवटी त्या वैतागल्या. वस्तीच्या मागं एक मोकळी जागा होती, तिथं वीस वर्षं सगळे कचरा टाकत आले होते. ती जागा भाजी लावायला मिळावी म्हणून बाईंनी कचेरीचे उंबरे झिजवले आणि मिळवली. पण ती साफ कोण करणार? लोकांनी मुकादमांकडे बघितलं.

मुकादमांनी अडीच महिने ती जागा उपसली. काचा, टायर, कुजलेल्या गाद्या, एक अख्खा कमोड. त्या कमोडावर वस्तीत पुढे वर्षभर विनोद झाले. माती दिसली तेव्हा चोवीस वाफे आखले, चोवीस घरांना दिले, आणि फाटकाजवळ फळा टांगून त्यावर मुकादमांनी आपल्या गोल गोल अक्षरात नियम लिहिले. पाणी कधी, फाटक कधी, कचरा कुठे. शेवटचा नियम त्यांनी दोनदा गिरवला होता: दुसऱ्याच्या वाफ्याला हात लावेल त्याचा वाफा जाईल.

बाग फळली, यात शंका नाही. पोरं गाजर मातीतून उपटून तिथल्या तिथं खायला लागली. मुकादमांचा स्वतःचा वाफा एक नंबरचा. त्यांच्या बायकोला मधुमेह, तेव्हा त्यात पालक, भेंडी, दोडकी. तीन महिन्यांनी तिची साखर उतरली आणि नर्सबाईंनी तो कागद सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी मुकादम घरी आले ते जमिनीपासून वीतभर वरून चालत.

दहा नंबरचा वाफा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीचा होता. फुटपाथवर भिंतीला लागून तिचं टेबल, त्यावर कोळशाची इस्त्री, वर ताडपत्री. नवरा नाही, दोन मुली. नर्सबाईंनी तिचं रक्त तपासून सांगितलं की तुझ्या रक्तात लोह फार कमी आहे, हिरव्या पालेभाज्या खा. तेव्हा ती हसून म्हणाली होती, "दिवसभर लोखंडच हातात धरते बाई, ते रक्तात जायची वाट विसरलं वाटतं." पण सांगितलेलं तिनं मनावर घेतलं. मात्र सकाळी सात ते संध्याकाळी सात टेबलापाशी उभी राहणारी बाई, तिला वेली चढवायला, आळी करायला वेळ कुठला? तिनं काहीतरी आपोआप वाढणारं, जमिनीला बिलगून पसरणारं लावलं. लालसर देठ, जाडसर बारीक पानं. मुकादम रोज त्या वाफ्यावरून जाताना तोंड वाकडं करायचे. चोवीस वाफ्यांत तेवीस भांग पाडल्यासारखे आणि हा एक विस्कटलेला.

शेजारचा अकरा नंबरचा वाफा एका गवंड्याचा. काम असेल तर हातावर पोट, काम नसेल तर वाफ्यावर पोट, आणि त्या वर्षी कामापेक्षा बिनकामाचे दिवस जास्त होते. घरात खाणारी सहा तोंडं. माणूस तोंडाचा फटकळ, मनानं साधा. एकदा सगळ्यांसमोर तो इस्त्रीवालीला म्हणाला होता, "ताई, तुझं रान माझ्या टोमॅटोत शिरतंय हं. एक दिवस उपटून टाकीन सगळं!" ती म्हणाली, "उपट, आणि खा." दोघं हसले. बोलण्यातलं हसू विसरलं जातं आणि शब्द लक्षात राहतात, हा जगाचा न्यायच आहे.

मग तो मंगळवार आला. सकाळची सहाची वेळ. नर्सबाई दहा दिवसांच्या कसल्याशा प्रशिक्षणाला परगावी निघाल्या होत्या. स्कूटरवर मागं बॅग बांधलेली, डोक्यावर हेल्मेट. फाटकाशी मुकादम नळाला पाईप लावत होते. बाईंनी स्कूटर न थांबवताच ओरडून सांगितलं, "मुकादम, दहा नंबरमध्ये घोळ आहे बघा!" पुढेही त्या काही म्हणाल्या, पण ते इंजिनाच्या आवाजात गेलं. मुकादमांनी हात वर केला. "बघतो! आत्ताच बघतो!"

बघायला कशाला हवं होतं? घोळ आहे हे ते तीन महिने म्हणत होतेच, आज बाईंच्याही नजरेस आलं. पाईप तसाच टाकून ते दहा नंबरपाशी जाऊन उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी उपटायला लागले. ते रोप त्यांच्या चांगलं ओळखीचं होतं. फुटपाथच्या फटींतून त्यांनी हेच चाळीस वर्षं खरवडलं होतं. माती ओली होती, मुळं अलगद सुटत होती. हात सरावानं चालत होते आणि मनाला बरं वाटत होतं.

चौथ्या की पाचव्या मुठीला त्यांना दिसलं की हे ओळीत आहे.

तण ओळीत उगवत नाही, हे सांगायला शेतकरी लागत नाही. दोन ओळींत बोटभर अंतर सोडलेलं होतं. पलीकडच्या अर्ध्या वाफ्यात काही रोपं तशीच वाढू दिलेली, त्यांना बारीक बोंडं धरलेली, आणि शेजारी एक काडी खोचून तिला लाल चिंधी बांधलेली. चिंधी काय आपोआप उगवते? मुकादमांचा हात थांबला. आपण पुढे जाऊन त्यांचा हात धरावा असा तो क्षण होता. पण तोवर अर्धा वाफा उघडा पडला होता, आणि मुकादमांच्या मनात जे आलं ते असं: अर्धं उपटलेलं दिसेल, पूर्ण उपटलं तर साफ केलेलं दिसेल. त्यांनी काडी काढली, चिंधी खिशात घातली आणि उरलेला वाफा साफ केला. उपटलेलं सगळं सवयीप्रमाणे एका बाजूला मुळं, एका बाजूला शेंडे असं रचून बाजूला ठेवलं, माती हातानं सपाट केली, आणि आठच्या कचरागाडीत तो भारा स्वतः चढवून दिला.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला उगाचच मोठ्या आवाजात सांगितलं, "आज दहा नंबरचा घोळ निस्तरला एकदाचा."

"कसला घोळ?"

"अगं, ते पसरलेलं लाल देठांचं. नर्सबाईच म्हणाल्या, घोळ आहे."

बायकोचा घास हातात राहिला. "अहो, घोळ म्हणजे भाजी! घोळची भाजी! आम्ही लहानपणी आंबटसर म्हणून कच्चीच खायचो. बाई परवा मला म्हणालेल्या, कुठे मिळाली तर सांगते, तुमच्या साखरेला चांगली." "निस्तरला म्हणजे काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. जरा बाजूला सारलं," मुकादम म्हणाले आणि पाणी प्यायले. लागोपाठ दोन पेले प्यायले.

तेव्हाच उठून कोपऱ्यावर गेले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. बाई, चुकलो. एका शब्दाचा घोळ झाला. दोन वाक्यांचं काम. पण ते दुसरं वाक्य खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे फक्त त्यांनाच माहीत होतं. म्हणून ते गेले नाहीत.

संध्याकाळी सातनंतर इस्त्रीवाली पिशवी आणि विळा घेऊन बागेत आली. वाफा बघून ती ओरडली नाही. खाली बसून तिनं सपाट मातीवरून हात फिरवला, काहीतरी शोधल्यासारखा. लोक गोळा झाले. ती कुणाला उद्देशून नव्हे, नुसतंच म्हणाली, "अर्धी बी धरायला ठेवली होती. आईनं दिलेलं मूठभर बी होतं, सगळं पेरलं मी. आता घरात एक दाणा नाही."

कुणीतरी म्हणालं, गवंडी परवाच म्हणत होता उपटून टाकीन म्हणून. दुसरा म्हणाला, आपण सगळ्यांनी ऐकलंय. गवंडी तिथंच होता. तो भडकला, आई-मुलांच्या शपथा घेतल्या, आणि जितका ओरडला तितका जास्त चोर दिसायला लागला. मग एकानं विचारलं, "मुकादम, सकाळी तुम्ही इथंच होतात. तुम्हाला काही दिसलं?"

"नाही बुवा," मुकादम म्हणाले. "मी पाणी लावून लगेच गेलो."

लोकांना तेवढं पुरलं. मुकादम म्हणतात म्हणजे तसंच असणार. फळ्यावरच्या शेवटच्या नियमाकडे सगळ्यांनी बघितलं. नर्सबाई परत आल्या की दुसऱ्या रविवारी सभा घ्यायची आणि गवंड्याचा वाफा काढून घ्यायचा, असं ठरलं. जाताना गवंडी रागानं म्हणाला, "कुंपणच शेत खातंय इथं, आणि नाव माझं!" तो कुणाला उद्देशून बोलला नव्हता. पण मुकादमांच्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

पुढचे बारा दिवस मुकादमांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं चोरच सुळीची राखण करत बसला होता. ते रोज फाटक उघडत, पाणी सोडत, आणि दहा नंबरवरून जाताना दुसरीकडे बघत. गवंडी रोज पहाटेच येऊन आपल्या वाफ्यातले टोमॅटो कच्चेच तोडून नेऊ लागला. जाणारच आहे वाफा, तर निदान हिरवे तरी पोटात जाऊ देत. ते बघून मुकादमांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी त्यांचं तोंड उघडत नव्हतं.

बायकोला सांगावं लागलं नाही. तिला दुसऱ्या दिवशी धुवायच्या पँटच्या खिशात लाल चिंधी सापडली. तिनं ती घडी करून खिडकीत त्यांना दिसेल अशी ठेवली. त्या दिवसापासून एक नंबरची भाजी तिनं चिरायची बंद केली. भेंडी टोपलीत निबर झाली. चौथ्या दिवशी मुकादम म्हणाले, "अगं, वाया जातेय. तुला साखर आहे, खायला नको का?"

"माझ्या घशाखाली उतरत नाही," ती म्हणाली. "तुम्ही खा. तुमचा घसा मोठा आहे."

एकदा ते गेलेसुद्धा. शुक्रवारी दुपारी, कोपऱ्यावर, सांगायचंच म्हणून. इस्त्रीवालीनं लगेच स्टूल पुसून पुढे केलं. "या मुकादमसाहेब, बसा." चेहरा पांढरट पडलेला, डोळ्यांखाली काळं. इस्त्री उचलताना तिनं दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरली. मुकादम बसले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "बरं आहे ना सगळं?" ती म्हणाली, "तुमच्या कृपेनं." मग ते उठून घरी आले. हे टेबल तिथं होतं ते त्यांच्याचमुळे. बारा वर्षांपूर्वी फुटपाथ मोकळे करायचा हुकूम आला तेव्हा त्यांनी शब्द टाकून हे एवढं टेबल राहू दिलं होतं. आयुष्यात केलेल्या चांगल्या गोष्टी मोजताना ते ही गोष्ट पहिली मोजत.

रविवारी सकाळी बागेतच सभा भरली. चोवीस घरांची माणसं, कुणी उभं, कुणी बादलीवर बसलेलं. नर्सबाई आदल्या दिवशीच परतल्या होत्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एकानं सगळी हकीकत सांगितली. गवंडी मान खाली घालून उभा होता. त्याचं ओरडणं संपलं होतं. नर्सबाई ऐकत गेल्या, आणि मधेच त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो थांबा, थांबा! मंगळवारी का? अरे देवा! मुकादम, मी तुम्हाला जाताना म्हणाले होते, दहा नंबरमध्ये घोळ आहे, काकूंना सांगा म्हणून. तुम्ही... तुम्हाला वाटलं घोळ म्हणजे गोंधळ?"

आणि सगळी बाग हसली. बादलीवर बसलेला बादलीसकट कलंडला. "घोळात घोळ!" कुणीतरी ओरडलं. "भाजीला असलं नाव ठेवणाऱ्यालाच धरा!" नर्सबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माझीच चूक हो, स्कूटरवरून कसली भाजी सांगायची!" गवंडीसुद्धा हसला, त्याच्या खांद्यावरून पोतं उतरलं होतं, तो का नाही हसणार? मुकादमांच्या पाठीवर दोन-तीन थापा पडल्या. वयोमानानं सांगायचं राहून गेलं असेल, असंही एकानं परस्पर त्यांच्यासाठी म्हणून टाकलं. सगळं धुऊन निघालं होतं. त्यांनी नुसतं थोडं हसायचं होतं.

मुकादमांनी बायकोकडे बघितलं. ती मागं नळापाशी उभी होती आणि हसत नव्हती.

"घोळ म्हणजे गोंधळ असंच मला वाटलं, ते खरं आहे," मुकादम म्हणाले. आवाज घोगरा निघाला, म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं. "पण ते पहिल्या चार-पाच मुठींपुरतं. मग मला ओळी दिसल्या. चिंधी बांधलेली काडी दिसली. कुणीतरी हे लावलंय, हे मला कळलं होतं. तरी मी उपटलं. अर्धं उपटलेलं वाईट दिसेल म्हणून सगळं उपटलं. आणि मग या माणसाचं नाव आलं तेव्हा मी समोर उभा होतो, आणि खोटं बोललो. वाफा जायचा तर माझा जाऊ दे. नियम माझ्याच अक्षरात आहे."

आता कुणी हसत नव्हतं. गवंड्यानं बाजूला तोंड करून थुंकल्यासारखं केलं, पण थुंकला नाही. नर्सबाई इस्त्रीवालीकडे वळल्या. "तूच सांग ग, काय करायचं."

इस्त्रीवाली पदराशी चाळा करत उभी होती. खालीच बघत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी कचरागाडी माझ्या टेबलावरूनच गेली. वर घोळची भाजी होती, ती माझीच हे संध्याकाळी वाफा बघितल्यावर कळलं. मुळं सगळी एका बाजूला, शेंडे एका बाजूला. एवढं नीट रचून दुसरं कोण टाकतं?"

"मग ताई, बारा दिवस मला शिव्या खाऊ दिल्यास?" गवंडी म्हणाला.

"चुकलं माझं. तुझ्या पाया पडते," ती म्हणाली. "पण कसं बोलणार होते रे मी? टेबल यांच्या शब्दावर उभं आहे. उद्या उचल म्हणाले असते तर दोन पोरींना घेऊन कुठे जाऊ?"

मुकादम गडबडून पुढे झाले. आता निदान एवढं तरी त्यांना सांगता येण्यासारखं होतं. "अगं, काय बोलतेस? मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. तुझं टेबल उचलायला मी आता कोण? माझं तिथं कुणी ऐकतसुद्धा नाही!"

तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही, एखादी गोष्ट आत्ताच कळल्यावर माणूस बघतो तसं.

"असं होय?" ती म्हणाली. "मग आठ वर्षं मी दर शनिवारी तुमचे कपडे फुकट का करून देत होते?"

मुकादमांना आजवर ती माया वाटत आली होती. बाई उपकार विसरली नाही, असं ते चारचौघांत सांगायचे, आणि घड्या बघा कशा आहेत, म्हणायचे. अंगात होता तो शर्टही तिनं कालच करून दिलेला होता. तो तिथल्या तिथं काढून ठेवावा असं त्यांना वाटलं. पण भर सभेत, चोवीस घरांसमोर, सहासष्ट वर्षांच्या माणसानं शर्ट तरी कसा काढायचा? ते तो घालूनच उभे राहिले.